मतदारसंघाचा धुरा कोण सरकवतो?

मलकापूर किंवा नांदुरा तालुक्यात राहणाऱ्या माणसाची सगळी सरकारी कामे बुलढाण्याशी बांधलेली असतात. जिल्हाधिकारी बुलढाण्याला, जिल्हा परिषद बुलढाण्याला, पोलीस अधीक्षकही तिथेच. लोकसभेची निवडणूक लागली की मात्र त्याच्यासमोर येते ती रावेर मतदारसंघाच्या उमेदवारांची यादी. रावेर हे जळगाव जिल्ह्यातले, केळीच्या पट्ट्यातले गाव. शेजारच्या मोताळ्याचा मतदार बुलढाण्याचा खासदार निवडतो आणि मलकापूरचा रावेरचा. असे का, हे विचारले तर बहुतेक जण ‘राजकारण, दुसरे काय’ म्हणून हात झटकतात.

दुसरे कोडे याहून अवघड आहे. २००९ च्या आधी महाराष्ट्रात लोकसभेच्या तीन जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या: बुलढाणा, उस्मानाबाद आणि पंढरपूर. २००९ पासून त्या पाच झाल्या. जागा वाढल्या तर जुन्या राहून दोन नव्यांची भर पडेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात जुन्या तिघांपैकी एकही यादीत उरला नाही आणि बुलढाणा खुला झाला.

या दोन्ही कोड्यांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात. मतदारसंघ हा शेतासारखा असतो. सातबाऱ्यावर गट नंबर तोच राहतो, पण मोजणी होऊन धुरा सरकला की आतली जमीन बदलते, विहीर कोणाकडे जाणार तेही बदलते. ‘बुलढाणा’ हा गट नंबर सत्तर वर्षांत फारसा बदलला नाही. त्याच्या आत कोणती गावे आहेत, तिथून किती खासदार निवडायचे आणि उभे कोणी राहायचे, हे सारे मात्र अनेकदा बदलले. निवडणुकीचा इतिहास आपण विजयी उमेदवारांच्या नावांनी लिहितो. त्यातला बराचसा भाग मतदान सुरू होण्याआधीच जनगणनेच्या तक्त्यांत ठरून गेलेला असतो, असे माझे म्हणणे आहे.

आधी भागाकार, मग नकाशा

मतदारसंघांची आखणी परिसीमन आयोग करतो. सध्याचा नकाशा न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००१ ची जनगणना धरून केला आणि तो २००८ मध्ये लागू झाला. महाराष्ट्राला विधानसभेच्या २८८ जागा आणि लोकसभेच्या ४८. एका लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे बरोबर सहा मतदारसंघ बसतात आणि विधानसभेचा मतदारसंघ मध्येच तोडून दोन खासदारांत वाटता येत नाही. त्यामुळे आखणी सुरू होते ती विधानसभेपासून.

गणित अगदी साधे आहे. २००१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख होती. तिला २८८ ने भागले की एका आमदाराच्या वाट्याला सरासरी ३ लाख ३६ हजार माणसे येतात. बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा २२ लाख ३२ हजार. तिला या सरासरीने भागले की ६.६ च्या आसपास आकडा येतो. पाऊण आमदार निवडता येत नसल्याने आकडा जवळच्या पूर्णांकावर नेतात, म्हणजे सात. बुलढाणा, चिखली, सिंदखेड राजा, मेहकर, खामगाव, जळगाव जामोद आणि मलकापूर असे ते सात. जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ३६ लाख ८३ हजार. तिथे हाच भागाकार ११ च्या अगदी जवळ येतो. आता लोकसभेकडे वळू. बुलढाण्याकडे सात आहेत आणि खासदाराला लागतात सहा, म्हणजे एक शिल्लक. जळगावला दोन खासदार बसवायचे तर बारा हवेत, आहेत अकरा, म्हणजे एकाचा तुटवडा. एकीकडचा जास्तीचा एक दुसरीकडच्या खड्ड्यात जातो. जळगाव जिल्ह्याला लागून असलेला, मुंबई-भुसावळ-नागपूर रेल्वेवरचा आणि मुक्ताईनगरशी हमरस्त्याने जोडलेला मतदारसंघ होता मलकापूर. चोपडा, रावेर, भुसावळ, जामनेर, मुक्ताईनगर आणि मलकापूर मिळून सहा झाले. पहिल्या कोड्याचा उलगडा एवढाच आहे. कोणाच्या कारस्थानाची गरज पडत नाही, दशांश चिन्हापुढचा अंक पुरतो.

खानदेशाशी असलेला हा धागा २००८ मध्ये पहिल्यांदा जुळला, असेही नाही. १९५७ आणि १९६२ मध्ये बुलढाण्यातून निवडून आलेले काँग्रेसचे शिवराम रंगो राणे १९५२ मध्ये भुसावळचे खासदार होते. १९७१ ला इथून लोकसभेत गेलेले यादव शिवराम महाजन पुढे जळगावचे खासदार झाले. जिल्ह्यात ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ हा भेद रोजच्या बोलण्यातला आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कपाशीची जमीन, मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव. घाटाखालचा बाजार आणि रेल्वे भुसावळ-अकोल्याच्या रेषेवर चालतात. नकाशा आखणाऱ्यांनी हे पाहिले असो वा नसो, त्यांच्या रेघेने तेच केले.

एक मतदारसंघ, दोन खासदार

आज आपण गृहीत धरतो की एका मतदारसंघातून एकच खासदार जातो. पहिल्या निवडणुकीत बुलढाण्यात तसे नव्हते. १९५२ मध्ये जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि मतदारसंघाचे नाव होते बुलढाणा-अकोला. त्यातून दोन खासदार निवडायचे होते, एक सर्वसाधारण जागेवर आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव जागेवर. काँग्रेसचे गोपाळराव खेडकर आणि लक्ष्मण श्रावण भटकर हे दोघे निवडून आले. देशभरात तेव्हा ४०१ मतदारसंघ आणि ४८९ जागा होत्या. ८६ मतदारसंघ असे दुहेरी होते आणि बंगालमधला एक तर तिहेरी.

ही पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. त्या निवडणुकीत चिन्हांवर शिक्का मारायचा नव्हता. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी ठेवलेली असे आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेले असे. मतदाराने आपली कागदी चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. दुहेरी मतदारसंघात त्याला दोन मते मिळत, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. मोजणीच्या वेळी आधी राखीव जागेचा निकाल लागे: अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी. मग उरलेल्या सगळ्यांत, कोणत्याही जातीचा असो, ज्याची मते जास्त तो दुसऱ्या जागेवर. म्हणजे सर्वसाधारण जागा ‘सवर्णांची’ नव्हती, ती सगळ्यांना खुली होती. हा बारकावा भल्याभल्यांच्या लक्षात आला नव्हता. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरम या आदिवासींसाठी राखीव जागा असलेल्या दुहेरी मतदारसंघात दोन्ही जागांवर आदिवासी उमेदवार निवडून आले आणि वराहगिरी व्यंकटगिरी पडले. ते न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन हरले. हेच गिरी पुढे राष्ट्रपती झाले. या पेचानंतर थोड्याच काळात, १९६१ मध्ये, संसदेने कायदा करून दुहेरी मतदारसंघ मोडीत काढले.

एका जागेवर दोन प्रतिनिधी ही कल्पना आपल्याकडेच उपजली नव्हती. ब्रिटिश संसदेत आयर्लंडच्या बत्तीसही परगण्यांतून १८०१ ते १८८५ या काळात प्रत्येकी दोन सदस्य जात. तिथल्या मतदारसंघांचा इतिहास वाचताना बुलढाण्याची आठवण येते ती यामुळे: परगण्याचे नाव शंभर वर्षे तेच, आतला खेळ मात्र दर पिढीला नवा.

बुलढाण्यात हा बदल झपाट्याने झाला. १९५७ ला बुलढाणा हा एकाच खासदाराचा मतदारसंघ झाला आणि तो आता मुंबई राज्यात होता. अकोला दुहेरीच राहिला आणि तिथून पुन्हा खेडकर व भटकर गेले. १९६२ ला अकोल्याची दुहेरी जागा फुटली, ‘खामगाव’ नावाचा राखीव मतदारसंघ जन्माला आला आणि भटकर तिथून निवडून आले. १९६७ आणि १९७१ मध्ये खामगावने अर्जुन श्रीपत कस्तुरे यांना पाठवले. खामगावचा एखादा मतदार जागचा न हलता १९५२ ला मध्य प्रदेशात, १९५७ ला मुंबई राज्यात आणि १९६२ ला महाराष्ट्रात मत देऊन आला. त्याहून मागे गेले तर वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख होता, त्यामुळे १९१९ च्या सुधारणांनंतर केंद्रीय विधिमंडळातल्या वऱ्हाडच्या जागेसाठी निवडणूक व्हायची आणि जिंकलेल्या माणसाची सरकार पुन्हा ‘नेमणूक’ करायचे. लोकनायक बापूजी अणे असे वऱ्हाडचे प्रतिनिधी होते.

> चौकट: १९७७ नंतरचा बुलढाणा
> १९७६ च्या आखणीत खामगाव मतदारसंघ नाहीसा झाला आणि बुलढाणा राखीव झाला. १९७७ ला रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे दौलत गुणाजी गवई, १९८० ला काँग्रेसचे बाळकृष्ण वासनिक, १९८४ ला त्यांचे पुत्र मुकुल वासनिक (वय २५), १९८९ ला भाजपचे सुखदेव काळे, १९९१ ला पुन्हा मुकुल वासनिक, १९९६ ला शिवसेनेचे आनंदराव अडसूळ, १९९८ ला पुन्हा वासनिक, १९९९ आणि २००४ ला अडसूळ. २००८ मध्ये जागा खुली झाली. २००९ पासून चारही निवडणुका प्रतापराव जाधव यांनी जिंकल्या.

तीनाचे पाच झाले, ते कसे

राखीव जागांची संख्या ठरवण्याचे सूत्र घटनेतच आहे: राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे जे प्रमाण, साधारण तेच प्रमाण जागांत. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ६ टक्के भरले. ४८ चे सहा टक्के म्हणजे २.८८, म्हणून तीन जागा. २००१ मध्ये प्रमाण १०.२ टक्के होते. ४८ शी गुणले की ४.९ येतात, म्हणून पाच.

पण तीस वर्षांत एखाद्या समाजाचे प्रमाण इतके वाढते कसे? जन्मदराने हे होत नाही. कारण कायद्यात आहे. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर लाखो लोकांनी जनगणनेत स्वतःची नोंद बौद्ध म्हणून केली. १९६१ मध्ये महाराष्ट्रात ही संख्या सुमारे २८ लाख होती. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात तेव्हा बौद्धांना जागा नव्हती, म्हणून ही माणसे त्या रकान्यातून गळली. १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना तो दर्जा मिळाला आणि १९९१ च्या जनगणनेत प्रमाण एकदम ११ टक्क्यांवर गेले. माणसे तीच होती, फक्त रकाना बदलला.

यानंतर जागा लगेच वाढायला हव्या होत्या. त्या वाढल्या नाहीत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची वाटणी १९७१ च्या आकड्यांवर गोठवून ठेवली होती. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांचे खासदार कमी होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. राज्याराज्यांतल्या वाटणीपुरता तो हेतू मला पटतो. राज्याच्या आतल्या राखीव जागाही त्याच बर्फात का ठेवल्या, याचे समर्थन मला सापडत नाही. १९९१ मध्ये ११ टक्के मोजल्या गेलेल्या समाजाला २००९ पर्यंत सहा टक्क्यांच्या हिशेबाने तीनच जागा मिळत राहिल्या. त्या काळात बुलढाण्याने पाच वेळा खासदार निवडला, पण विदर्भात दुसरी राखीव जागा निघाली नाही. ८४ व्या आणि ८७ व्या घटनादुरुस्त्यांनी राज्यांची एकूण संख्या तशीच ठेवून आतली आखणी २००१ च्या जनगणनेवर करायला परवानगी दिली, तेव्हा कुठे हा हिशेब जुळला.

आता बुलढाणाच का वगळला गेला? गावागावांत याचे उत्तर ‘फिरते आरक्षण’ असे दिले जाते, कारण सरपंचपदाची आणि जिल्हा परिषदेची सोडत आपण दर पाच वर्षांनी पाहतो. लोकसभेला तशी सोडतही नाही आणि चक्रानुक्रमही नाही. परिसीमन कायदा अनुसूचित जातींच्या जागांबाबत दोन गोष्टी सांगतो: त्या राज्याच्या वेगवेगळ्या भागांत विखुरलेल्या असाव्यात आणि शक्य तिथवर समाजाचे प्रमाण तुलनेने जास्त असलेल्या भागांत असाव्यात. आदिवासी जागांसाठी निकष सर्वाधिक प्रमाणाचा आहे, विखुरण्याचा नाही. नव्या आकड्यांवर नवे मतदारसंघ मांडले गेले तेव्हा विदर्भातून अमरावती आणि रामटेक निवडले गेले. बाकी शिर्डी, लातूर आणि सोलापूर. बुलढाणा जिल्ह्यात राखीव जागा उरली ती विधानसभेची, मेहकर.

रेघ सरकली, माणसे हलली

या बदलाचा परिणाम २००९ च्या निवडणुकीत जितका स्पष्ट दिसतो, तितका क्वचितच दिसतो. अडसूळ बुलढाण्याचे विद्यमान खासदार होते. ते अमरावतीला गेले आणि जिंकले. त्यांचे जुने प्रतिस्पर्धी मुकुल वासनिक रामटेकला गेले आणि तेही जिंकले. दोघांनी एकमेकांशी झुंजत घालवलेली तेरा वर्षे बुलढाण्यात राहिली आणि दोघेही दोन वेगवेगळ्या दिशांनी आरक्षणामागे निघून गेले. इकडे मेहकरचे तीन वेळचे आमदार प्रतापराव जाधव यांची विधानसभेची जागा राखीव झाली आणि त्याच वेळी लोकसभेची जागा खुली झाली. एक दार बंद झाले, दुसरे उघडले. ते त्यातून आत गेले आणि २०२४ नंतर केंद्रात आयुष खात्याचे राज्यमंत्री झाले. या तिघांच्या राजकीय आयुष्याची ही वळणे कोणत्याही प्रचारसभेत ठरली नाहीत.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. राखीव असताना बुलढाण्यावर बाहेरचे उमेदवार लादले गेले, खुला झाल्यावरच स्थानिक माणूस मिळाला. बाळकृष्ण वासनिक १९६२ मध्ये गोंदियाचे खासदार होते, अडसुळांचे काम मुंबईचे, हे खरे. पण राणे आणि महाजन हे खानदेशातले, आणि त्यांच्या वेळी बुलढाणा खुलाच होता. बाहेरचा उमेदवार पाठवण्याची खोड पक्षांची आहे; आरक्षणाच्या आधीही ती होती. तीनच राखीव जागा असताना राज्यभरातले इच्छुक त्या तिघांवरच येऊन आदळणार, हेही उघड आहे. ती गर्दी गोठवलेल्या आकड्याने केली, राखीवपणाने नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रेघा कशाही असोत, निकाल मतदारच लावतात. १९८९ ते १९९९ या काळात मतदारसंघाची हद्द एकदाही हलली नाही, तरी बुलढाण्याने प्रत्येक निवडणुकीत पक्ष बदलला. हे मान्य करायला हवे. आयर्लंडने तर याचा ठसठशीत पुरावा दिला आहे. १९७४ मध्ये तिथले मंत्री जेम्स टली यांनी आपल्या आघाडीला सोयीचे पडतील असे मतदारसंघ आखले. १९७७ च्या निवडणुकीत वारे फिरले आणि त्याच रेघांनी विरोधकांना १४८ पैकी ८४ जागा मिळवून दिल्या. पुढे हे काम सरकारच्या हातून काढून स्वतंत्र आयोगाकडे गेले. म्हणून माझा दावा मर्यादित आहे. रेघ विजेता ठरवत नाही. ती मैदान ठरवते आणि मैदानात कोणाला उतरता येईल ते ठरवते. मते कशी मोजायची हा नियमही याच मैदानाचा भाग. २०२४ मध्ये बुलढाण्यात जाधवांना सुमारे साडेतीन लाख, नरेंद्र खेडेकरांना ३ लाख २० हजार आणि अपक्ष रविकांत तुपकरांना अडीच लाखांच्या जवळपास मते पडली. आपल्या नियमाने पहिला आला तो जिंकला, फरक २९ हजारांचा. आयर्लंडमध्ये मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो आणि मागे पडलेल्याची मते पुढच्या पसंतीकडे जातात. तिथे तुपकरांच्या मतदारांची दुसरी पसंती मोजावी लागली असती. निकाल बदललाच असता असे नाही, पण प्रश्न वेगळा विचारला गेला असता.

पुढची मोजणी

आयरिश घटनेत मतदारसंघांची फेरआखणी निदान बारा वर्षांनी एकदा करावीच लागते. आपल्याकडे १९७६ नंतरची आखणी २००८ मध्ये आली आणि जागांच्या एकूण संख्येवरची गोठवण २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे. २०११ मध्ये बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. पुढची मोजणी झाली की भागाकार पुन्हा मांडला जाईल आणि दशांश चिन्हापुढे कोणता अंक येतो त्यावर मलकापूरचा प्रश्न पुन्हा उघडेल. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव ठेवल्या आहेत. त्या आरक्षणाची सांगड परिसीमनाशी घातलेली आहे आणि तिथे जागा फिरत्या राहण्याची तरतूद आहे.

आयोगाला अंतिम आदेशाआधी मसुदा राजपत्रात छापावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात आणि जाहीर सुनावणी घ्यावी लागते. आदेश निघाला की न्यायालयात दाद मागण्याची वाट जवळपास बंद होते; घटनेचे ३२९ वे कलम ती अडवते. त्यामुळे ज्याला काही म्हणायचे असेल त्याने मसुदा आणि सुनावणी यांच्यामधल्या थोड्या आठवड्यांत म्हणावे लागते. तिथे ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्याने भागत नाही. कायदा ज्या गोष्टी पाहायला सांगतो त्या म्हणजे सलग भूभाग, प्रशासकीय हद्दी, डोंगर-नद्यांसारख्या भौगोलिक खुणा, दळणवळण आणि लोकांची सोय. मलकापूरला बुलढाण्यात परत आणायचे म्हणणाऱ्याला सातापैकी कोणता मतदारसंघ बाहेर द्यायचा, हेही त्याच अर्जात लिहावे लागेल. घाटाखालचा जळगाव जामोद की घाटावरचा सिंदखेड राजा, यावर जिल्ह्याचे एकमत होणे कठीण आहे.